रंगभवनातला तो पोरगा

17 मे 2025, शनिवार. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस या अमेरिकन रॉक बँडचा कार्यक्रम संपला आणि आम्ही दोघं मित्र गर्दीच्या लोंढ्यातून स्टेशनच्या दिशेनं निघालो. मे महिन्यातली मुंबईची रात्र, शर्ट पाठीला चिकटलेले, पोटऱ्या भरून आलेल्या, कानांना दडे बसलेले. दोघंही पन्नाशी ओलांडलेले. तिकिटं काढल्यापासून या रात्रीची वाट पाहिली होती. कॉलेजात असताना ज्याचं वादन ऐकून ऐकून आम्ही कॅसेटी झिजवल्या तो त्यांचा गिटारवादक स्लॅश, डोक्यावर तीच उंच हॅट, वय साठीला टेकलेलं, आमच्यासमोर उभा राहून 'स्वीट चाइल्ड ओ' माइन'ची ती सुरुवात वाजवणार होता. आणि त्यानं ती वाजवली. आजूबाजूची निम्मी पोरं आमच्या मुलांच्या वयाची होती. सगळ्यांचे फोन वर गेले आणि मला भरून आलं. पुढे स्टेशनच्या पुलावर गर्दी तुंबली तेव्हा मित्र म्हणाला, "मस्त झालं रे. पण खरं सांगू? रंगभवनला त्या पोरानं वाजवलेलं, ते जास्त खरं होतं." मी लगेच म्हणालो, "हो." कोणता पोरगा, हे विचारावं लागलं नाही.

घरी येऊन आडवा झालो आणि तो 'हो' मला टोचायला लागला. ज्यानं ती चाल मुळात शोधली, त्याच्याच बोटांतून ती ऐकून आलो होतो. याहून खरं काय असणार? आणि तो पोरगा तरी कोण? उपनगरातल्या कुठल्यातरी कॉलेजच्या बँडमधला गिटारवाला. त्याचं नाव आम्हाला तेव्हाही माहीत नव्हतं. बँडचं नावही आता आठवत नाही. पस्तीसेक वर्षांपूर्वी ऑगस्टच्या पावसात त्यानं दुसऱ्याचं गाणं वाजवलं, एवढंच. पण मी 'हो' म्हणालो ते मित्राचं मन राखायला नव्हे. मला ते आतून पटलं होतं. का पटलं, ते मात्र सांगता येत नव्हतं, आणि ही गोष्ट काही केल्या डोक्यातून जाईना.

रंगभवन म्हणजे धोबीतलावचं उघडं नाट्यगृह. आमच्या घरात हे नाव माझ्या जन्माआधीपासून होतं. आम्ही गिरगावात राहायचो, तिथून धोबीतलाव चालत जाण्याच्या अंतरावर. वडिलांनी रंगभवनात नाटकं पाहिली होती, रात्र-रात्र बसून गाणं ऐकलं होतं. पहाटे भैरवी ऐकून चालत ठाकुरद्वारपर्यंत यायचं, आंघोळ करायची आणि तसंच ऑफिस गाठायचं, असा त्यांचा रिवाज होता म्हणे. आई हे सांगताना तिच्या आवाजात थोडी तक्रार आणि बरंचसं कौतुक असायचं. 1978 साली तिथं पहिली जॅझ यात्रा भरली, सनी रोलिन्स सॅक्सोफोन वाजवून गेला. 1980 च्या मार्चमध्ये 'द पोलीस' हा इंग्लिश रॉक बँड वाजवून गेला. मी तेव्हा शाळेत होतो आणि आमच्या चाळीत कोणाला त्याचा पत्ताही नव्हता. मग 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक सुरू झालं, ज्याला सगळे आय-रॉक म्हणायचे, आणि रंगभवन आमचं झालं. मी काळा टी-शर्ट घालून निघालो की वडील विचारायचे, "आज कोणाचं आहे?" मी बँडची नावं सांगायचो, ते मान हलवायचे आणि पेपरात डोकं घालायचे. जाऊ नकोस, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. केस वाढवले म्हणून बोलले, मार्कांवरून बोलले, पण रंगभवनावरून कधी नाही. त्या पायरीवर बसून गाण्यासाठी ताटकळणं म्हणजे काय असतं ते त्यांना ठाऊक होतं. गाणं कुठलं, हा त्यांच्या लेखी पुढचा प्रश्न होता.

ऑगस्टातला कार्यक्रम, आणि वर उघडं आभाळ. पाऊस यायचाच. कधी नुसती भुरभुर, कधी अशी सर की स्टेजवर धावपळ उडायची, ॲम्प्लिफायरवर प्लास्टिक ओढलं जायचं आणि कोणीतरी माइकवरून दहा मिनिटं मागून घ्यायचं. त्या दहा मिनिटांत कोणी जागचं हलायचं नाही. टी-शर्टावर आम्हीच घरी छापलेली बँडची नावं ओली होऊन अंगाला रंग लागायचा. भिजलेल्या केसांचा, विड्या-सिगारेटींचा, चिखलाचा, शेजारच्याच्या खिशातल्या वडापावच्या लसूण चटणीचा असा एक मिळून वास तिथं असायचा. आत शिरण्याआधी मेट्रो थिएटरसमोरच्या कयानी या इराण्याकडे ब्रून मस्का आणि चहा व्हायचा, कारण आतल्या खाण्याचं काही खरं नसायचं. तिकिटाचे पैसे नसलेली पोरं बाहेरच भिंतीच्या कडेनं उभी राहून ऐकायची. भिंत आवाजाला अडवत नव्हती, त्यामुळे त्यांचं फारसं काही बिघडायचं नाही.

गर्दी सगळ्या मुंबईची असायची. वांद्रे-भायखळ्याची गोवेकर पोरं असायची, त्यांच्या घरात पियानो किंवा निदान गिटार आधीपासून होती. ग्रँट रोडचे पारशी असायचे, दक्षिण मुंबईतल्या इंग्रजी कॉलेजांतले असायचे. आणि आम्ही असायचो, गिरगाव, दादर, ठाणे, डोंबिवलीचे, मराठी शाळांतून आलेले. गाण्यांचे शब्द आम्ही कानानं उचललेले होते आणि त्यातले निम्मे अर्थाविना पाठ होते. डीप पर्पल या बँडचं 'स्मोक ऑन द वॉटर' आम्ही शिरा ताणून म्हणायचो. 4 डिसेंबर 1971 ला स्वित्झर्लंडमधल्या मॉन्ट्रोच्या कॅसिनोला फ्रँक झॅपा या रॉक संगीतकाराच्या कार्यक्रमात आग लागली, जिनिव्हाच्या तळ्यावर धूर पसरला, डीप पर्पलवाले तिथंच रेकॉर्डिंगसाठी आले होते आणि त्यांची जागाच जळून गेली, हे सगळं त्या गाण्यात सांगितलंय, हे मला फार पुढे कळलं. कळल्यावर गाणं अधिक आवडलं. पण रंगभवनात ते चार सूर सुरू झाले की अंगावर काटा यायचा, त्याला मॉन्ट्रोची गरज पडली नव्हती. आणि कोणीही आम्हाला विचारलं नाही की तुम्ही इथं कसे. कॉलेजच्या वर्गात हा प्रश्न न बोलता विचारला जायचा. रंगभवनात नाही.

आता कॅसेटींबद्दल सांगायला हवं, कारण माझ्या मते सगळी मेख तिथंच आहे.

काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउस या कॅसेट-रेकॉर्डच्या दुकानात आम्ही तासन्‌तास घालवायचो. तिथल्या बूथमध्ये उभं राहून ऐकता यायचं, कॅसेटची वेष्टनं उलटसुलट करून वादकांची नावं पाठ करता यायची. विकत घेणं मात्र क्वचित. आमच्यापर्यंत संगीत यायचं ते उतरवून. कोणाचा तरी काका बोटीवर असायचा, तो परदेशातून रेकॉर्ड आणायचा. वांद्र्याच्या कोणीतरी ती कॅसेटवर घेतलेली असायची. त्याच्याकडून झेवियर्समधल्या एकाकडे, त्याच्याकडून त्याच्या चुलतभावाकडे, तिथून माझ्याकडे आणि माझ्याकडून डोंबिवलीला मित्राकडे. कोरी 90 ची कॅसेट घ्यायची, म्हणजे एका बाजूला 45 मिनिटं. त्यात अख्खी रेकॉर्ड एका बाजूवर बसायची. डीप पर्पलची 'मशीन हेड' 37 मिनिटांची आहे. उरलेल्या सात-आठ मिनिटांत भरणारा आपल्या आवडीचं काहीही घालायचा, त्यामुळे कोणाची कॅसेट कोणाकडून आली हे त्या शेपटावरून ओळखता यायचं. मुखपृष्ठ नसायचं. वहीच्या कागदावर बॉलपेननं गाण्यांची यादी, आणि ती यादीही नक्कल करताना चुकत चुकत आलेली.

प्रत्येक उतरवणीत आवाजातलं काहीतरी गळायचं. डबल डेकवर, म्हणजे दोन कॅसेटींच्या यंत्रावर, दुप्पट वेगानं उतरवलं तर जास्तच. सगळ्यात आधी जायचे ते वरचे, बारीक आवाज: सिंबलचा, म्हणजे ड्रमसेटवरच्या धातूच्या थाळीचा, झळाळ, तार छेडायची पिक तारेवर घासल्याचा खर्र, गायकानं ओळ सुरू करताना घेतलेला श्वास. त्यांच्या जागी कॅसेटची स्वतःची 'सस्स' येऊन बसायची आणि तीही दर पिढीला वाढायची. चौथ्या-पाचव्या हातानं माझ्याकडे जे पोचायचं ते घोंगडीआडून आल्यासारखं असायचं. मधला दबका भाग तेवढा शाबूत. त्यातून आम्ही गाणी शिकलो. आम्हाला वाटायचं, रॉक म्हणजे हा असाच घुमणारा, थोडा मळकट आवाज. सिंबल नावाची वस्तू ड्रमसेटवर असते हे फोटोंत पाहिलेलं होतं, पण कॅसेटवर ती जवळजवळ नव्हतीच.

आणि मग एका ऑगस्टात रंगभवनात पहिल्यांदा ड्रमरनं काडी उगारून सिंबलवर हाणली.

तो आवाज मला अजून जसाच्या तसा आठवतो. पितळेचा लखलखीत आवाज, जो लगेच संपत नाही, पसरत जातो, पावसाच्या हवेत लोंबकळतो. मी मित्राकडे पाहिलं, तो माझ्याकडे. बेस तर कानांनी ऐकायची गोष्टच नव्हती, तो बरगड्यांत शिरत होता, बसलेली पायरी हलत होती. गिटारची तार बोटाखाली सरकताना चुरचुरते हे तेव्हा कळलं. ज्या गाण्याची अक्षरन्‌अक्षर आम्हाला पाठ होती, त्या गाण्याला अंग आहे हे तेव्हा कळलं. वाजवणारे होते कोणीतरी आमच्याच वयाचे, दोन-चार चुका करणारे. पण आमच्या कॅसेटीवर जो लंडन-लॉस एंजेलिसचा बँड होता तो अर्धाच पोचलेला होता, आणि पूर्ण गाणं आमच्यासमोर प्रथम वाजवलं ते या पोरांनी. तेव्हा नक्कल कुठली आणि मूळ कुठलं, हा हिशेब आमच्या बाबतीत पहिल्यापासूनच उलटा झालेला आहे. पुलावर मी 'हो' म्हणालो त्याचं कारण बहुतेक हे असावं. बहुतेक म्हणतो, कारण नुसत्या सिंबलवर हे भागत नाही. तो विशिष्ट पोरगाच का, हे उरतंच.

त्या संध्याकाळी पाऊस थांबून थांबून येत होता. मुख्य बँड यायला वेळ होता, त्याआधी कॉलेजांच्या बँडना थोडा थोडा वेळ दिलेला. हा बँड आला तेव्हा लोक बसलेले, गप्पा मारत होते. गिटारवाला किडकिडीत, दाढी नीट न फुटलेला, अंगात ढगळ चौकड्याचा शर्ट. गिटार देशी बनावटीची, पट्टा कापडी. आम्ही रेटत रेटत पुढे गेलेलो, स्टेजच्या कडेपासून जेमतेम चार हातांवर. त्यानं 'स्वीट चाइल्ड'ची सुरुवात केली. तेव्हा ते गाणं जुनं नव्हतं, दोन-तीन वर्षांपूर्वीचंच, आणि पोरं त्यावर जीव टाकत होती. सुरुवात त्यानं जरा घाईत वाजवली. गायकाला वरचा आवाज झेपत नव्हता, तो निम्म्या ओळी गर्दीवर सोडून देत होता आणि गर्दी त्या झेलत होती. मग गिटारचा मोठा सोलो, एकट्याचा तुकडा, आला. पोरगा डोळे मिटून वर वर चढत गेला, आणि सगळ्यात अवघड जागेच्या जरा आधी त्याची पहिली तार तुटली.

आवाज झाला तो बारीकसा, 'टंग'. पण आम्ही इतके जवळ होतो की ती तार उसळून कुरळी झालेली आणि पिवळ्या दिव्यात चमकत थरथरणारी मला दिसली. त्याच्या मनगटावर ती लागली असावी, कारण त्यानं हात झटकला. ज्यांनी कधी गिटार हातात धरली आहे त्यांना कळेल की हा काय प्रसंग असतो. पहिल्या तारेवरचा सूर दुसऱ्या तारेवर मिळतो, पण पाच फ्रेट, म्हणजे मानेवरचे पाच पडदे, पुढे सरकून. तो आधीच पार वर होता. पाच फ्रेट पुढे सरकायला गिटारच उरली नव्हती. थांबला असता तरी कोणी काही म्हटलं नसतं, असल्या वेळी कॉलेजची पोरं थांबायचीच, हसून हात वर करायची. हा थांबला नाही. त्यानं डोळे उघडले, गिटारकडे पाहिलं, एक अख्खा ठेका तसाच जाऊ दिला, ड्रमर आणि बेसवाला चालत राहिले, आणि मग तो हात खाली नेऊन तीच ओळ एक सप्तक खाली वाजवायला लागला. जिथं सोलो किंचाळत वर जातो हे आम्हाला पाठ होतं, तिथं तो खोल, जाड तारांवर, जवळजवळ गुणगुणल्यासारखा उतरत आला. त्या उतरण्यात त्याला एकदोन सूर स्वतःचे घालावे लागले, कारण हाताची ठेवण बदलली होती. ते सूर त्या गाण्यात कुठंच नाहीत. त्याच्या त्या चार-सहा क्षणांत ते होते, आणि ते इतके बरोबर होते की आमच्या भोवतीची गडबड थांबली. बसलेले लोक उठले. पुढे जो आवाज उठला तो त्या रात्री मुख्य बँडलाही मिळाला नाही.

परतताना व्हीटीपर्यंत आम्ही तेच करत होतो. तोंडानं सोलो वाजवायचा, त्या जागेवर यायचं, आणि खाली उतरायचं. मी गिरगावला जायच्याऐवजी मित्राबरोबर डोंबिवलीला गेलो, कारण एवढं ऐकून वेगवेगळं झोपणं शक्यच नव्हतं. उशिराची लोकल, डबा अर्धा रिकामा, खिडक्यांतून पाऊस आत. डब्याच्या पत्र्यावर मित्र ड्रम वाजवत होता आणि मी गिटार. समोर एक काका होते, मांडीवर टाळांची पिशवी, कुठल्याशा भजनाहून परतत असावेत. घाटकोपरपर्यंत त्यांनी सहन केलं. मग म्हणाले, "अरे, ठेका बरोबर धर, मधे मात्रा खातोयस," आणि बोटांनी खिडकीच्या गजावर मित्राला मोजून दाखवलं. मित्र खरंच मात्रा खात होता. त्यांच्या मोजणीवर त्यानं तो ठेका दुरुस्त करून घेतला.

आमच्या त्या गर्दीबद्दल मला सगळंच चांगलं सांगता येत नाही. तिला ओळखीची परकी गाणी हवी असायची. एखाद्या बँडनं स्वतः रचलेलं काही सुरू केलं की हुर्यो उठायची, कधी वस्तूही फेकल्या जायच्या. हा अन्याय होता, आणि त्यामुळे कितीतरी चांगली पोरं नाउमेद झाली असतील. तरी काही जण चिवटपणे उभे राहिले. महेश तिनईकर, उदय बेनेगल यांच्या रॉक मशीननं 1988 मध्ये स्वतःच्या गाण्यांची कॅसेट काढली आणि हळूहळू तीच गर्दी त्यांची गाणी त्यांच्याबरोबर म्हणायला लागली. पुढे 1993 मध्ये ते इंडस क्रीड झाले. त्यांच्याबद्दल मला आजही अतोनात आदर आहे. पण दुसऱ्याची गाणी वाजवणाऱ्या पोरांना जो 'नुसते कव्हरवाले' म्हणून शेरा मारला जातो, तो मला कधीच मान्य झाला नाही. घरंदाज गायकाची शंभर वर्षं जुनी बंदिश कोणी गायली की आपण तिला नक्कल म्हणत नाही, त्यानं तिचं काय केलं ते ऐकतो. रंगभवनात आम्हीही तेच ऐकत होतो. आणि मूळचे लोक तरी कुठं एवढे सोवळे होते! 1972 साली लेड झेपलिन या इंग्लिश बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, कुलाब्याच्या स्लिप डिस्क या नाइटक्लबमध्ये शिरले आणि इथल्या पोरांची वाद्यं मागून घेऊन वाजवायला बसले. इथल्याच वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी नव्यानं रेकॉर्ड केली. ती रीतसर बाहेर यायला 2015 उजाडलं. सतार-तबल्याच्या संगतीतलं त्यांचं ते वाजवणं ऐकताना मला त्या तुटलेल्या तारेची आठवण येते. हाताशी जे आहे त्यावर गाणं कसं वेगळं होऊन उभं राहतं, ते तिथं ऐकू येतं.

2000 मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद, आणि रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या भोवतीचे 100 मीटर शांतता क्षेत्र. रंगभवनाला लागून झेवियर्स कॉलेज, हाकेच्या अंतरावर कामा आणि जी. टी. ही रुग्णालयं. त्यामुळे निकाल ठरलेलाच होता. आय-रॉक अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर गेलं. मी तिथंही गेलो. आवाज चांगला होता, बँड चांगले होते, पण तोवर नोकरी लागली होती आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ आधीच डोक्यात यायला लागली होती.

या नियमाविरुद्ध मला मनापासून बोलता येत नाही. माझी आत्या त्याच भागातल्या एका रुग्णालयात परिचारिका होती. एकदा ती सहज म्हणाली, "तुमचं ते ऑगस्टातलं सुरू झालं की वॉर्डातल्या खिडक्यांची तावदानं वाजायची. बाळंतिणी विचारायच्या, सिस्टर, काय चाललंय बाहेर? मी सांगायची, आमचा भाचा नाचतोय." ती हसत होती, पण त्या खिडक्यांच्या आत कोण कोण पडलेलं असेल, हा विचार त्या वयात माझ्या मनाला शिवला नव्हता. नियम बरोबरच आहे. आणि तरी, त्या नियमानं जे गेलं ते परत कुठं मिळालं नाही, हेही तितकंच खरं. वडिलांचंही गेलं. पुण्यात सवाई गंधर्वच्या रात्री पहाटेपर्यंत चालायच्या, त्याही आवरत्या झाल्या. पेपरात ती बातमी वाचून वडिलांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मग ललत, भैरव आता समोर बसून ऐकायचे कधी?" त्यांच्या-माझ्या आवडीत कधी एक सूरही सामाईक नव्हता. त्या सकाळी मात्र आम्ही दोघं एकाच गोष्टीसाठी हळहळत होतो, आणि चहा होईपर्यंत ते मला रंगभवनात कोण कोण कसं गायलं ते सांगत बसले. आधी कधी सांगितलं नव्हतं.

2016 मध्ये ऱ्हिदम हाउसही बंद झालं. तेव्हा मी मुद्दाम गेलो नाही. लोक फोटो काढायला जात होते, मला ते नको होतं. हवं ते सगळं तोवर फोनमध्ये आलेलं होतं, सिंबलसकट, गायकाच्या श्वासासकट. मी ते रोज ऐकतो आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. विसाव्या वर्षी हे मिळालं असतं तर मी आनंदानं वेडा झालो असतो.

रेसकोर्सच्या त्या रात्रीनंतर पावसाळ्यात मी डोंबिवलीला मित्राकडे गेलो होतो. त्याचा मुलगा इंजिनीअरिंगला आहे आणि उत्तम गिटार वाजवतो, आमच्या काळच्या कोणाहीपेक्षा स्वच्छ. मूळ गाणं संगणकावर निम्म्या वेगानं लावून, एकेक सूर सुटा करून तो शिकतो. स्लॅश गिटार अर्धा सूर उतरवून लावतो, म्हणून हाही उतरवूनच लावतो. आम्ही पाचव्या हाताच्या कॅसेटीवरून जे अंदाजानं चाचपडत होतो ते त्याच्याकडे पक्कं आहे. सोसायटीच्या कार्यक्रमात बाप-लेक मिळून 'स्वीट चाइल्ड' वाजवणार होते, बाप रिदमवर, मुलगा लीडवर. आणि दोघांचं वाजलेलं होतं. मित्राचं म्हणणं, शेवटची जागा खालच्या सप्तकात घे. मुलाचं म्हणणं, "बाबा, ते चुकीचं आहे. मूळ ट्रॅकवर असं कुठंही नाहीये." मित्रानं त्याला रंगभवन सांगितलं, तार सांगितली. मुलगा शांतपणे म्हणाला, "पण माझी तार तुटलेली नाहीये ना." यावर मित्र गप्प झाला आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मुलाचं म्हणणं बिनतोड होतं. तरी मी मित्राच्या बाजूनं बोललो, आणि पूर्ण मनानं बोललो. म्हटलं, "पहिली तार काढून ठेव आणि एकदा वाजवून बघ. तुला ते कसं सुटतंय ते बघू. त्याचं जसंच्या तसं नकोय, तुझं काय येतं ते वाजव." तो थोडा वैतागला. "काका, नवी तार आहे, गेल्या आठवड्यात लावलीय," म्हणाला. मग खुंटी सैल करायला लागला. वहिनी आतून ओरडल्या की साडेनऊ झालेत, खालचे जोशी परत वर येतील, आवाज कमी ठेवा. त्यानं आवाज कमी केला आणि सोलोच्या मधूनच सुरुवात केली. पहिल्या वेळी अडकला, दुसऱ्या वेळी भलतीकडेच गेला. तिसऱ्यांदा तो त्या जागेवर आला तेव्हा खाली न उतरता मधेच थांबला, एक सूर वाकवून धरून ठेवला, आणि तिथून काहीतरी तिसरंच काढलं, जे स्लॅशचंही नव्हतं आणि आमच्या रंगभवनातल्या पोराचंही नव्हतं. मित्र म्हणाला, "हे काय केलंस? परत कर." मुलगा म्हणाला, "थांबा, मलाच बघू दे आधी."